कल म्हणजेच ओळख का? भाच्याने सांगितलं तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही

ओंजळ | ५ ऑगस्ट, रात्री १०:१५

नमस्कार. मी इथे लिहीत नाही, वाचत असते. बागकामाचे धागे सोडले तर कुठे प्रतिसाद दिला नसेल. पण हे कुणाशी तरी बोलायला हवंय आणि घरात बोलता येत नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यावर, म्हणजे गेली अकरा वर्षं, मी सदाशिव पेठेतल्या एका वधूवर सूचक मंडळात दर रविवारी जाते. दहा ते एक बसायचं, फॉर्म घ्यायचे, फोटो डकवायचे, रजिस्टरला नोंद करायची, आलेल्या आईवडिलांना फायली काढून द्यायच्या. ऑनलाइनचा जमाना असला तरी फाइल हातात घेऊन बघणारी माणसं अजून येतात. माझा भाऊ वारज्याला राहतो. त्याचा मुलगा तिशीचा आहे, हिंजवडीत नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी मीच मागे लागून त्याचा फॉर्म भरून घेतला होता. काही रकाने त्याने अर्धवट ठेवले होते, ते मी माझ्या हाताने पुरे केले. तेव्हापासून त्याला स्थळं सुचवत होते आणि तो काही ना काही कारण काढून टाळत होता.

परवाच्या रविवारी मंडळातून घरी आले तर हा जिन्यात बसलेला. म्हणाला, "आत्या, माझा फॉर्म काढून टाक." मला वाटलं, स्वतःच जमवलं असेल. बरं वाटलं. घरात आलो, पंखा लावला, तेव्हा म्हणाला, "मी गे आहे."

मी विचारलं, "जेवलायस का?" दुसरं काही सुचलंच नाही. तो नाही म्हणाला. मग मुगाची खिचडी टाकली आणि कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

एक गोष्ट आधी सांगते. त्याच्यात काही खोट आहे असं मला वाटत नाही. त्याने बदलावं असंही नाही. त्यावर कृपया इथे वाद घालू नका. माझी अडचण वेगळी आहे.

मी त्याला जेवताना म्हटलं, तू माझा भाचा आहेस. तुझा तबला ऐकायला लोक थांबतात. आबा शेवटी अंथरुणावर होते तेव्हा दोन महिने रात्री तू जागलास, तुझा बाप नाही. एवढं सगळं असताना "मी अमुक आहे" या वाक्यात तू ही एकच गोष्ट का ठेवतोस? कुणाविषयी ओढ वाटते हा मनाचा कल झाला. माणूस म्हणजे त्याचा कल का?

तो ताटातल्या खिचडीकडे बघत म्हणाला, "आत्या, हा प्रश्न तू मला आज विचारतेस. दोन वर्षं माझ्यासाठी मुली बघत होतीस, तेव्हा नाही विचारलास."

मी गप्प बसले. पण प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. आपल्याला काय हवंसं वाटतं त्यावरून आपण कोण हे ठरवायचं का? राग येतो म्हणून माणूस म्हणजे राग नव्हे. मला डायबेटीस असून रोज रात्री गोड खावंसं वाटतं, पण ती माझी ओळख नाही. मग याच बाबतीत वेगळं का? ज्यांना खरंच काही सांगायचंय त्यांनी सांगा. मी सगळं वाचेन.

---

तिठा | ५ ऑगस्ट, रात्री १०:४१

आधी जेवायला वाढलंत ते फार बरं केलंत. बाकीचं बोलायला वेळ आहे. तो परत येईल.

---

निरूपण | ६ ऑगस्ट, सकाळी ७:०५

ताई, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि तो विचारल्याबद्दल कुणी तुम्हाला मागासलेलं म्हटलं तर मनावर घेऊ नका.

मी माध्यमिक शाळेत शिक्षक होतो. बोर्डाने २०१६ पासून दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू केली, ती आमच्या शाळेत घ्यायची जबाबदारी माझ्याकडे होती. निकालाचा कागद आला की मुलं म्हणायची, "सर, मी कॉमर्सचा आहे," "सर, मी आर्ट्सची आहे." मी प्रत्येकाला सांगायचो, अरे, तुझा कल तिकडे आहे. तू 'तिकडचा' नाहीस. कल या शब्दातच बघा काय आहे. पतंग कलतो, पारडं कलतं, भिंत कलते. कललेली भिंत ही आधी भिंत असते.

इच्छा येतात आणि जातात. सकाळी हवंसं वाटलेलं संध्याकाळी नकोसं होतं. अशा हलत्या गोष्टीवर माणसाने आपलं नाव लिहू नये असं मला मनापासून वाटतं. आमच्या वेळी माणूस ओळखला जायचा तो नात्यांवरून आणि कामावरून. अमक्याचा मुलगा, तमक्या शाळेचे सर. त्यात एक आधार होता. आज जो तो आत डोकावून बघतो आणि आत जे काही सापडेल त्याची पाटी करून दारावर लावतो. मी फूडी, मी इंट्रोव्हर्ट, मी अमुक. तुमच्या भाच्याबद्दल मला आदरच आहे, तो आजोबांसाठी जागला. त्याची ओळख ती आहे.

---

सत्तेचाळीस | ६ ऑगस्ट, दुपारी १:२०

निरूपण सर, तुम्ही सभ्यपणे लिहिलंत म्हणून मीही तसंच लिहितो. मी सत्तेचाळीस वर्षांचा, समलिंगी पुरुष. मूळचा सांगलीकडचा, आता वीस वर्षं पुण्यात.

"इच्छा येतात आणि जातात." माझी ओढ गेली नाही. ती जावी म्हणून मी चौदाव्या वर्षापासून वाट बघितली. गणपतीपुढे उभं राहून मागितलं. बारावीला असताना दर सोमवारी उपास धरले, आईला वाटायचं अभ्यासासाठी. सकाळी हवं आणि संध्याकाळी नको, अशी ती असती तर मला शब्दाची गरजच पडली नसती. चहा सोडतात तशी सोडून दिली असती.

आणि शब्द नसताना काय असतं ते सांगतो. आमच्या गावात या गोष्टीला शिवी होती, नाव नव्हतं. मला वाटायचं जगात हा प्रकार फक्त माझ्यात आहे. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयावर मराठीत पुस्तकं लिहिली. त्यातलं एक माझ्या हातात आलं. रात्रीच्या एसटीत, पुढच्या सीटवरच्या दिव्याच्या उजेडात, वर्तमानपत्रात गुंडाळून वाचलं. वाचताना मला "माझी ओळख सापडली" वगैरे वाटलं नाही. एवढंच वाटलं, की म्हणजे अजून माणसं आहेत.

ताई, तुमच्या गोडाच्या उदाहरणाबद्दल. तुम्हाला गोड आवडतं म्हणून तुम्हाला कुणी घराबाहेर काढलं नाही. त्यावर कायदा नव्हता. १८६० च्या दंड संहितेतलं ३७७ कलम वाचलंत तर त्यात समलिंगी माणूस असा शब्दच नाही, फक्त "निसर्गक्रमाविरुद्ध" कृती आहे. पण पोलिसाने बागेत धरलं की तो कृतीबद्दल विचारत नसे. तो "तसला आहेस का" असं विचारायचा. ओळख आम्ही आमच्यावर लावून घेतली नाही. ती आमच्यावर मारली गेली होती. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम मोडीत काढलं, तोवर मी चाळिशीला आलो होतो.

आता रोजचं सांगतो. माझा जोडीदार आणि मी चौदा वर्षं एका घरात राहतो. तीन वर्षांपूर्वी त्याला ॲपेंडिक्ससाठी रात्री दोन वाजता दवाखान्यात नेलं. फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' असा रकाना होता. मी 'मित्र' लिहिलं. खिडकीतल्या माणसाने कागद परत सरकवला आणि म्हणाला, घरचं कुणीतरी आणा. त्याची बहीण नाशिकहून सकाळी सातला आली. ते पाच तास मी त्या बाकावर बसून होतो. त्याच्या ॲलर्जीच्या गोळीचं नाव मला पाठ, त्याच्या दाढेचा एक्सरे माझ्या कपाटात, आणि सही माझी चालत नाही.

तेव्हा सर, नात्यांवरून आणि कामावरून माणूस ओळखावा हे मला पटतं. हवंच आहे ते. पण माझं नातं कुठल्या रकान्यात बसतं हे सांगायला मला आधी तोच शब्द उच्चारावा लागतो, ज्याला तुम्ही दारावरची पाटी म्हणता.

---

रथामागे | ६ ऑगस्ट, रात्री ९:३०

वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते.

आमचं घर नाना पेठेत. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात आणि तुकोबांची आमच्याकडे निवडुंग्या विठोबाला मुक्कामाला असते, तेव्हा ते दोन दिवस आमच्या गल्लीत पाणी, चहा आणि पाय चेपायला तेल एवढी सेवा आम्ही करतो. तिथे सगळ्यांना एकच नाव, माऊली. लहान पोर माऊली, म्हातारा माऊली, पोलीससुद्धा माऊली. मला ते फार आवडतं. ताई, तुमचं म्हणणं मला त्यातून कळतं, की आधी माऊली आणि मग बाकीचं.

पण काही वर्षांपूर्वी एक आजी गर्दीत चुकल्या. सत्तरीच्या पुढच्या असतील. रडत होत्या. "माऊली, गाव कुठलं?" तर भीतीने गावाचं नावही नीट येईना. मात्र एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती, दिंडीचा नंबर, आणि ती रथाच्या मागे चालते की पुढे. तेवढ्यावर आमच्या पोरांनी त्यांना अर्ध्या तासात त्यांच्या माणसांत नेऊन सोडलं. तंबूत शिरल्यावर त्या आजींना कुणी नंबरने हाक मारली नाही. सगळ्या बायका "आक्का, आक्का" करत धावल्या.

तो आकडा म्हणजे आजी नव्हेत हे तर खरंच. पण गर्दीत त्यांच्याजवळ तेवढंच होतं, आणि तो आकडा चुकीचा सांगितला असता तर?

सत्तेचाळीस यांनी समपथिक हे नाव लिहिलं ते वाचून मला हे आठवलं. त्या नावात ओढ नाहीच आहे. एका वाटेने चालणारा, एवढंच आहे.

---

सोळा_वर्षं | ७ ऑगस्ट, सकाळी ६:१०

मी दारूतून बाहेर आलेला माणूस आहे. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेतले आणि तेव्हापासून एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला जातो. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली ही पद्धत, आज पुण्यात मराठीत मीटिंगा होतात. प्रत्येकजण बोलायला सुरुवात करताना नाव सांगतो आणि म्हणतो, "मी अल्कोहोलिक आहे." सोळा वर्षं थेंब घेतलेला नाही, तरीही मी हेच म्हणतो.

आधी स्पष्ट करतो, ताईंच्या भाच्याची आणि माझी तुलना होत नाही. माझा आजार आहे, त्याचा नाही. मला फक्त "आहे" या शब्दाबद्दल बोलायचंय.

पहिल्या वर्षी मला हे वाक्य अपमानास्पद वाटायचं. मी इंजिनीअर आहे, बाप आहे, मग हे का म्हणू? माझे तिथले एक ज्येष्ठ म्हणाले, "बारा वर्षं तू घरी काय सांगत होतास? मी पीत नाही. ऑफिसात? मी पीत नाही. हे पहिलं खरं वाक्य आहे, म्हणून सुरुवातीला ठेवायचं." मला ते बायकोच्या चेहऱ्यावर दिसलं. मी दारू सोडली तेव्हा तिला आनंद झाला, पण ती रडली ती मी हे वाक्य तिच्यासमोर म्हटलं तेव्हा.

मात्र ते वाक्य मी मीटिंगमध्ये म्हणतो आणि ज्याला सांगायला हवं त्याला सांगतो. सोसायटीच्या सभेत म्हणत नाही. ताई, तुमच्या भाच्याने ते कुणाला सांगितलं, हेही बघा.

---

सत्तेचाळीस | ७ ऑगस्ट, सकाळी ९:००

सोळा_वर्षं, तुम्ही फरक स्वतःहून केलात, आभार. वाचणाऱ्या इतरांसाठी जोडतो: जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 'कन्व्हर्जन थेरपी', म्हणजे माणसाचा हा कल बदलण्याचे 'उपचार' करणं, हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. ताईंच्या भावाला कुणी "औषधाने बरं होतं" असं सांगितलं, तर पैसे आणि मुलगा दोन्ही वाचवा.

---

कात्रणं | ७ ऑगस्ट, दुपारी ३:४५

या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात. युरोपात 'होमोसेक्शुअल' हा शब्द पहिल्यांदा छापला गेला तो १८६९ साली. कार्ल-मारिया कर्टबेनी नावाच्या लेखकाने प्रशियाच्या कायद्याविरुद्ध पत्रक काढलं, त्यात. म्हणजे अशा लोकांना शिक्षा करू नका हे सांगण्यासाठी तो घडवला गेला. पुढे डॉक्टरांनी तो उचलला आणि रोगाचं नाव केलं, ही वेगळी गोष्ट.

आपल्याकडचं बघायचं तर कर्वे रस्ता ज्यांच्या नावाने आहे त्या महर्षी कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे. १९२७ पासून १९५३ मध्ये वारले तोवर त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना ते सरळ उत्तरं देत. त्यातल्या काही उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ साली कोर्टात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या प्रश्नांमध्ये समलिंगी संबंधांविषयीचेही होते. खटला हरले. पण कुणी अनोळखी वाचक आपली अडचण कागदावर लिहून पाठवत होता, आणि त्याला उत्तर द्यायला मराठीत एक माणूस होता, याचं मला फार वाटतं.

तेव्हा "हल्लीची मुलं पाट्या लावतात" हे मला पूर्ण पटत नाही. मुलं आधीही होती. त्यांची पत्रं निनावी होती.

---

अजून_ठरायचंय | ७ ऑगस्ट, रात्री ११:५५

मी एकवीस वर्षांची, फर्ग्युसन रस्त्यावर खोली घेऊन राहते. मला वेगळं काही सांगायचंय आणि ते बहुतेक ओंजळ आत्याच्या बाजूचं आहे.

मला मुली आवडल्या आहेत. एकदा मुलगाही आवडला आहे. माझ्या मैत्रिणी फार चांगल्या आहेत, कुणी नाक मुरडत नाही. पण त्यांना माझं नाव हवं असतं. तू बाय (मुलगे-मुली दोन्ही आवडणारी) आहेस का? पॅन (लिंग न बघता कुणीही आवडू शकणारी) आहेस का? लेस्बियन आहेस आणि घाबरतेयस का? मागच्या वर्षी प्राइड मोर्चाला गेलो. संभाजी बागेपाशी जमलो होतो, एकीने माझ्या गालावर कुठल्या ओळखीच्या झेंड्याचे रंग काढायचे ते विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, काढू नकोस. पूर्ण वेळ कोऱ्या गालाने चालले आणि तिथेसुद्धा मला बाहेरची असल्यासारखं वाटलं.

मला शब्द नको असं नाही. मला घाई नको आहे. घरी आई "लग्नाचं ठरव" म्हणते आणि इथे मैत्रिणी "तू कोण ते ठरव" म्हणतात. मला दोन्हीकडे सारखाच दम लागतो.

---

निरूपण | ८ ऑगस्ट, सकाळी ७:१५

बाळ, तुझं लिहिणं वाचून माझ्या मनातलं मला नीट मांडता आलं नव्हतं ते तू मांडलंस. ठरवू नकोस. वेळ घे.

सत्तेचाळीस, दवाखान्याच्या बाकावरचे पाच तास मी दोनदा वाचले. माझी पत्नी सहा वर्षांपूर्वी गेली. तिच्या वेळी मी सह्या किती केल्या याची गणती नाही, आणि एकदाही कुणी विचारलं नाही की तुम्ही कोण. 'पती' असं मी लिहायचो. तो माझा कल होता का, असा विचार मी आयुष्यात केला नव्हता. इच्छेवर ओळख बांधू नये हे माझं मत अजून तेच आहे. पण माझी ओळख मी कशावर बांधली होती, हे मला पुन्हा बघावं लागेल.

---

पायरी | ९ ऑगस्ट, पहाटे ४:३०

हा आयडी आजच काढला. यानंतर लिहीन की नाही माहीत नाही.

वय अठ्ठावन्न. लग्नाला एकतीस वर्षं झाली. दोन मुली, एकीचं लग्न झालं. मला कायम पुरुषांविषयी ओढ वाटली आणि मी त्याविषयी कधी काही केलं नाही, कुणाला सांगितलं नाही. ताई, तुम्ही म्हणता तसंच मी केलं. कलाला ओळख होऊ दिलं नाही. नवरा, बाप, अकाउंटंट, सोसायटीचा खजिनदार. ही सगळी खरी आहेत. बायकोवर माझा जीव आहे, तेही खरं आहे.

पण एकतीस वर्षांत मी काय शिकलो ते सांगतो. ग्रुप फोटोत मी नेहमी कडेला उभा राहतो, म्हणजे एकाच माणसाच्या खांद्यावर हात ठेवावा लागतो, आणि ती शक्यतो बाई असेल असं बघतो. मित्राने मिठी मारली तर मी आधी सुटतो. किती सेकंदांनी सुटायचं ते माझ्या अंगात बसलंय. सिनेमात कुणाकडे बघतोय हे बायकोला दिसू नये म्हणून इंटरव्हलला आधी नायिकेबद्दल बोलतो. रोज पहाटे पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या चढतो, कारण त्या वेळी अंधार असतो आणि चेहरा सैल सोडता येतो.

मी कलाला ओळख केलं नाही. लपवणं हीच माझी ओळख झाली, कारण दिवसातला सर्वांत जास्त वेळ मी त्याला दिला. तुमच्या भाच्याने तिसाव्या वर्षी जिन्यात बसून जे एक वाक्य म्हटलं, ते तुम्हाला फार मोठं वाटतंय. मला ते फार लहान वाटलं. चार शब्दसुद्धा नाहीत.

माझ्यासाठी सल्ले नकोत. बायकोचं आयुष्य माझ्या मोकळेपणासाठी हलवायचं की नाही हा माझा प्रश्न आहे आणि तो मी रोज चढताना विचारतो. फक्त त्या मुलाला कुणी मुलगी बघून देऊ नका. त्या मुलीचाही विचार करा. माझ्या बायकोला कुणी विचारलं नव्हतं.

---

तिठा | ९ ऑगस्ट, सकाळी ८:२०

पायरी, तुम्ही लिहिलंत. आम्ही वाचलं. इथे कुणी तुम्हाला काही विचारणार नाही.

---

सोळा_वर्षं | ९ ऑगस्ट, सकाळी ८:५०

पायरी, मी पहाटे साडेपाचला पर्वतीवर असतो. ओळख सांगायची गरज नाही. निळी टोपी घालतो.

---

ओंजळ | १७ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

सगळ्यांचं वाचलं. काहींचं दोन-तीनदा. उत्तर द्यायला उशीर झाला कारण मला आधी एक काम करायचं होतं.

आज रविवार, मंडळात गेले. सगळे गेल्यावर रजिस्टर काढलं, भाच्याची नोंद शोधली, फाइलमधून त्याचा फॉर्म काढला. त्यात 'जोडीदाराविषयी अपेक्षा' असा रकाना असतो. तिथे माझ्या अक्षरात लिहिलंय, "सुशिक्षित, नोकरी करणारी, पुण्यातील." त्याच्या खाली पांढरा थर. व्हाइटनर लावून त्यावर मी लिहिलं होतं. त्याने काय लिहिलं होतं ते मी विसरले होते. एवढंच आठवत होतं की मी त्याला म्हटलं होतं, "हे काय लिहिलंयस, असं लिहून स्थळं येतात का?"

खिडकीपाशी नेऊन कागद उलटा करून उजेडावर धरला. व्हाइटनरच्या मागून उलटी अक्षरं दिसत होती. सावकाश लावली.

"एकमेकांशी खोटं बोलावं लागू नये. एवढंच."

अकरा वर्षं मी हा रकाना प्रत्येकाकडून भरून घेते. रिकामा ठेवला तर फॉर्म परत करते. उंच हवा, गोरी हवी, शाकाहारी हवा, परदेशात जायची तयारी हवी. कुणाला काय हवंसं वाटतं त्याचीच तर ती फाइल आहे. त्यावरून आम्ही माणसं जुळवतो, आणि पुढे त्यावरूनच त्यांची नावं बदलतात, कुमारीची सौभाग्यवती होते. मी कुणाला कधी म्हटलं नाही की हा नुसता तुमचा कल आहे, तो इथे कशाला लिहिता.

तरीही मी अगदी खरं सांगते, माझा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. अजून_ठरायचंय, तुझं वाचून तर तो वाढला. तुला मी भाचीच समजते, कधी वाटलं तर घरी ये, गालावर काही काढायला लागणार नाही.

दुपारी भाच्याला बोलावलं. फॉर्म त्याच्यासमोर ठेवला आणि चुकलं म्हणाले. त्याने तो उजेडावर धरून पाहिला, घडी घातली आणि खिशात ठेवला. मी म्हटलं, अरे, पण तो शब्द पुढे लावायची गरज खरंच आहे का? सोळा_वर्षं यांनी सुचवलं होतं तसंही विचारलं, की कुणाकुणाला सांगितलंस. म्हणाला, "ऑफिसात माहीत नाही. बाबांना माहीत नाही. मी तो शब्द सगळ्यांपुढे लावत नाही, आत्या. तुझ्यापुढे लावला."

मग त्याने सांगितलं की एक मित्र आहे, चार वर्षं झाली. नाव सांगितलं. पौड रस्त्याला दोघांनी मिळून भाड्याने घर घेतलंय आणि भाडं, किराणा, गॅस सगळं एकाच्या खात्यातून जातं म्हणून हिशोबाचे घोळ होतात. मला एकदम माझा काउंटर आठवला. मी म्हटलं, जॉइंट खातं काढा. तो म्हणाला, देतील का? मी सांगितलं, न द्यायला काय झालं? दोन मित्रांचं जॉइंट खातं आम्ही पूर्वीही काढत होतो. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने लेखी स्पष्ट केलंय की एलजीबीटीक्यू व्यक्तींना संयुक्त खातं काढायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कसलीही बंदी नाही. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' घ्या म्हटलं, म्हणजे दोघांपैकी कुणीही एकट्याने सही करू शकतो, आणि एकाला काही झालं तर दुसऱ्याची अडवणूक होत नाही. सत्तेचाळीस, तुमचा तो बाक माझ्या डोळ्यांसमोर होता. तुम्हीही काढलं नसेल तर काढा. मला निरोप पाठवा, काय कागद लागतात ते सांगते.

उद्या अकरा वाजता आम्ही तिघं बँकेत जातोय. आधार, पॅन, दोघांचे दोन-दोन फोटो, भाडेकरार. खात्याच्या फॉर्मवर दोघांच्या नात्याचा रकाना आहे. तिथे काय लिहायचं ते त्यांचं अजून ठरलेलं नाही. मी शेजारी बसेन. पेन त्यांच्याकडे असेल.